रेझोनन्स कुणाचा? बारावीच्या प्रयोगापासून बेसाच्या डीपीपर्यंत

दक्षिण नागपुरात मनीषनगर ओलांडून बेसाकडे वळले की गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांची रांग लागते. प्रत्येक संकुलाच्या आवारात किंवा रस्त्याच्या कडेला एक रोहित्र असते. इकडे त्याला सगळे डीपीच म्हणतात. त्या डीपीवर लिफ्ट, पाण्याचे पंप, इन्व्हर्टर एसी, एलईडी दिवे आणि विजेवरच्या गाड्यांचे चार्जर चालतात. गच्चीवर सोलर असते. छतावरच्या सौरऊर्जेत नागपूर जिल्हा राज्यात आघाडीवर आहे आणि बेसा-पिपळ्याच्या नव्या वस्तीत फिरताना ते डोळ्यांना दिसते. यातली बहुतेक उपकरणे वीज घेतात किंवा देतात ती इलेक्ट्रॉनिक स्विचमधून, तुकड्यातुकड्यांनी. जुना पिवळा बल्ब आणि जुना मोटारपंप असे वागत नसत.

या बदलामुळे विद्युतशास्त्रातला एक जुना विषय पुन्हा ऐरणीवर आला आहे. प्रत्यावर्ती विद्युतधारेच्या एकसर सर्किटमधले अनुस्पंदन, म्हणजेच रेझोनन्स. बारावीच्या भौतिकशास्त्रात तो दोन-तीन पानांत संपतो. वीजपुरवठ्याच्या जाळ्यात तो कुठे तयार होतो, त्याला कसे आवरायचे आणि त्याची जबाबदारी कुणावर, यांवर मात्र अभियंते, उत्पादक, वीज कंपन्या आणि नियामक यांचे एकमत झालेले नाही. ही चर्चा आज कुठवर आली आहे, ते या लेखात मांडायचे आहे.

मूळ गोष्ट

कॉइल आणि कॅपॅसिटर एकामागे एक जोडले की दोघांतून धारा एकच वाहते, पण दोघांवरचे व्होल्टेज एकमेकांच्या बरोबर विरुद्ध असते. वारंवारता वाढवली की कॉइलचा अडथळा वाढतो आणि कॅपॅसिटरचा घटतो. एका ठरावीक वारंवारतेला दोन्ही अडथळे सारखे होतात आणि एकमेकांना रद्द करतात. मग धारेला अडवायला उरतो फक्त तारांचा रोध. हाच एकसर रेझोनन्स.

आकडे घालून पाहू. ०.१ हेन्रीची कॉइल, १०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि एकूण रोध २ ओहम. या जोडीची रेझोनन्सची वारंवारता ५०.३ हर्ट्झ येते, म्हणजे जवळपास आपल्या घरच्या विजेचीच. त्या वारंवारतेला या सर्किटला फक्त १० व्होल्ट दिले, तर धारा ५ अँपिअर वाहते आणि कॅपॅसिटरच्या टोकांवर सुमारे १५८ व्होल्ट दिसतात. दिले दहा, दिसले दीडशेच्या वर. प्रयोगशाळेत विद्यार्थी पहिल्यांदा हे मोजतात तेव्हा बहुतेकांना मीटर बिघडल्यासारखे वाटते. ऊर्जा कुठूनही जादा आलेली नसते. कॉइल आणि कॅपॅसिटर यांच्यात ती मागेपुढे होत राहते आणि स्रोताला फक्त रोधातली तूट भरून काढावी लागते. रोध जितका कमी, तितकी वाढ जास्त आणि वारंवारतेची निवड तितकी काटेकोर.

ही निवड म्हणजेच जुन्या रेडिओतले ट्यूनिंग. आकाशवाणी नागपूरचे मीडियम वेव्ह केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर. २०० मायक्रोहेन्रीच्या आसपासची कॉइल घेतली तर त्यासाठी कॅपॅसिटर ३६५ पिकोफॅरडच्या जवळ लागतो. नागपूरच्याच प्रक्षेपकावरून चालणारे राष्ट्रीय प्रसारण १५६६ किलोहर्ट्झवर असे. तिथे पोचायला तोच गँग कंडेन्सर फिरवून ५० पिकोफॅरडपर्यंत आणावा लागे. रेडिओचे बटण फिरवणारा प्रत्येक जण रेझोनन्स जागेवरून हलवत होता.

घरातच आणखी एक उदाहरण आहे. छताच्या पंख्याला २.५ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर असतो आणि त्यावर '४४० व्होल्ट' छापलेले असते. पुरवठा २३० व्होल्टचा असताना ४४० कशाला? पंख्याच्या किंवा कूलरच्या मोटारीतले दुसरे वेटोळे आणि हा कॅपॅसिटर एकसर जोडलेले असतात. फिरत्या मोटारीत तयार होणाऱ्या व्होल्टेजचाही त्यात वाटा असतो. एकूण परिणाम असा की कॅपॅसिटरवर पुरवठ्याहून बरेच जास्त व्होल्टेज येते. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरचा कॅपॅसिटर बदलणाऱ्या मिस्त्रीला हे सूत्राविना ठाऊक असते. कमी व्होल्टेजचा कॅपॅसिटर तो बसवतच नाही.

पार्श्वभूमी

या विषयाची मुळे एकोणिसाव्या शतकात आहेत. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५३ मध्ये दाखवले की भरलेला कॅपॅसिटर कॉइलमधून रिकामा होताना धारा हेलकावत राहू शकते आणि त्या हेलकाव्यांची गती दोन्हींच्या मापांवर ठरते. १८६८ मध्ये विल्यम ग्रोव्ह यांना प्रत्यावर्ती धारेवरच्या इंडक्शन कॉइलच्या सर्किटमध्ये कॅपॅसिटर घातल्यावर परिणाम अनपेक्षितपणे वाढलेला दिसला. त्याचे गणिती स्पष्टीकरण जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी त्याच वर्षी दिले. एकसर रेझोनन्सचे ते पहिले नेमके विवेचन मानता येईल.

१८९० च्या सुमारास लंडनजवळच्या डेप्टफर्ड केंद्रातून फेरांटी यांनी दहा हजार व्होल्टने केबलद्वारे वीज पाठवली, तेव्हा पुरवठ्याच्या टोकापेक्षा दूरच्या टोकाला व्होल्टेज जास्त भरले. केबलची धारिता आणि यंत्रांचे इंडक्टन्स मिळून हा परिणाम घडवतात, हे नंतर उलगडले. १८९४ मध्ये मायकेल प्युपिन यांनी रेझोनन्सचाच मोजमापासाठी उपयोग केला. ट्यून केलेले सर्किट वापरून त्यांनी प्रत्यावर्ती धारेत मूळ वारंवारतेबरोबर लपलेल्या पटीच्या वारंवारता, म्हणजे हार्मोनिक्स, वेगळ्या काढून दाखवल्या. आजच्या वादाचे दोन्ही घटक, रेझोनन्स आणि हार्मोनिक्स, तेव्हापासून एकमेकांना चिकटलेले आहेत.

वीजव्यवस्थेत रेझोनन्स कुठे दडतो

पन्नास हर्ट्झला पुरवठ्याच्या जाळ्यात रेझोनन्स होऊ नये, ही काळजी आराखड्यातच घेतलेली असते. अडचण येते ती २५०, ३५० किंवा ५५० हर्ट्झला. मोटारीची गती बदलणारे ड्राइव्ह, यूपीएस, लिफ्टचे नियंत्रक यांच्यातला नेहमीचा तीन फेजचा रेक्टिफायर पाचवी, सातवी, अकरावी आणि तेरावी हार्मोनिक तयार करतो. आपल्या धारेत त्या कमीअधिक प्रमाणात असतातच. त्यांना वाढवणारे सर्किट समोर आहे का, एवढाच प्रश्न.

एका ठरावीक डीपीचे गणित मांडू. ५०० केव्हीएचे, ११ किलोव्होल्टचे ४३३ व्होल्ट करणारे रोहित्र घेतले आणि त्याचा इंपिडन्स, म्हणजे एकूण अडथळा, ४.५ टक्के धरला, तर त्याची शॉर्टसर्किट क्षमता सुमारे ११,१०० केव्हीए होते. फिडरचा इंपिडन्स सोपेपणासाठी सोडून दिला आहे. पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी बसवलेल्या कॅपॅसिटर बँकेच्या क्षमतेने, म्हणजे केव्हीएआरने, या आकड्याला भागून वर्गमूळ काढले की कितव्या हार्मोनिकला रेझोनन्स येईल ते कळते. १०० केव्हीएआर चालू असताना उत्तर १०.५ येते, अकराव्याच्या जवळ. २२५ केव्हीएआरला ते ७.०३ येते, म्हणजे नेमके सातव्या हार्मोनिकवर. ४५० केव्हीएआरला ते ४.९७ होते आणि पाचवी हार्मोनिक गाठते.

आता हे ध्यानात घ्या की आजची कॅपॅसिटर बँक एकसंध नसते. पॅनेलमधला नियंत्रक पॉवर फॅक्टर पाहून पंचवीस-पन्नास केव्हीएआरचे टप्पे दिवसभर जोडत आणि सोडत राहतो. टप्पा बदलला की रेझोनन्सची जागा बदलते. सकाळी अकरा वाजता सुरळीत चालणारी व्यवस्था दुपारी लिफ्ट, एसी आणि पंप एकत्र चालू झाल्यावर सातव्या हार्मोनिकवर जाऊन बसू शकते आणि संध्याकाळी तिथून हलू शकते. फ्यूज उडतात, कॅपॅसिटर फुगतात आणि तपासायला माणूस येतो तेव्हा सगळे ठीक असते. या तक्रारींचे निदान कठीण होते त्यामागचे हे एक मोठे कारण.

रोहित्र आणि कॅपॅसिटर यांची हीच जोडी दोन बाजूंनी दोन रूपांत दिसते, हा या साऱ्या विषयाचा गाभा आहे. संकुलातल्या किंवा कारखान्यातल्या ड्राइव्हच्या बाजूने पाहिले तर रोहित्र आणि कॅपॅसिटर समांतर दिसतात. त्या वारंवारतेला इंपिडन्स प्रचंड वाढतो आणि थोड्या हार्मोनिक धारेनेही व्होल्टेज बिघडते. ११ किलोव्होल्टच्या फिडरच्या बाजूने पाहिले तर तीच दोन उपकरणे एकसर दिसतात. तिथे इंपिडन्स जवळपास नाहीसा होतो आणि फिडरवर आधीपासून असलेली हार्मोनिक त्या वाटेने खाली ओढली जाते. म्हणजे ज्याच्याकडे एकही ड्राइव्ह नाही, फक्त चांगल्या पॉवर फॅक्टरसाठी कॅपॅसिटर बसवले आहेत, तो शेजाऱ्याची हार्मोनिक स्वतःच्या कॅपॅसिटरमध्ये घेऊ शकतो. बारावीच्या पुस्तकातला एकसर रेझोनन्स प्रत्यक्ष जाळ्यात भेटतो तो असा, दुसऱ्याच्या कारणाने.

कॅपॅसिटर का वाढले

मोटारींना चुंबकीय क्षेत्रासाठी रिअॅक्टिव्ह पॉवर लागते. ती दुरून आणण्याऐवजी जागेवरच कॅपॅसिटरने पुरवणे शहाणपणाचे, यावर वाद नाही. महाराष्ट्रात पूर्वी चांगल्या पॉवर फॅक्टरला सवलत आणि वाईटाला दंड होता. १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांची आकारणी केव्हीएएचवर आली. या पद्धतीत कमी पॉवर फॅक्टरची किंमत थेट बिलात उतरते आणि कॅपॅसिटर जास्त झाल्याने येणारी लीडिंग रिअॅक्टिव्ह ऊर्जाही मोजली जाते. मिहान, हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांपासून मोठ्या रुग्णालयांपर्यंत सगळ्यांना टप्प्याटप्प्यांच्या स्वयंचलित बँकांकडे जावे लागले. धोरण म्हणून ही आकारणी योग्यच वाटते, कारण ती प्रत्यक्ष वापराच्या जवळ जाते. पण तिच्यामुळे जाळ्यात हलत्या कॅपॅसिटरांची संख्या वाढली, हेही तितकेच खरे.

सोलरने त्यात भर घातली. समजा एखाद्या ठिकाणी १०० किलोवॅटचा भार ०.९ पॉवर फॅक्टरने चालतो. त्याला सुमारे ४८ केव्हीएआर लागतात. दुपारी सोलरने ७० किलोवॅट दिले, तर ग्रिडकडून फक्त ३० किलोवॅट घ्यायचे राहतात, पण ४८ केव्हीएआर तसेच राहतात. मीटरला दिसणारा पॉवर फॅक्टर ०.५३ वर घसरतो. आतल्या यंत्रांत काहीही बिघडलेले नसते. यावर सहज सुचणारा इलाज म्हणजे आणखी कॅपॅसिटर. ते बसवले की रेझोनन्स खालच्या हार्मोनिककडे सरकतो, जिथे हार्मोनिक धारा सहसा जास्त असते. सौर इन्व्हर्टरकडूनच रिअॅक्टिव्ह पॉवर घेणे हा दुसरा मार्ग. बहुतेक नव्या इन्व्हर्टरांत ती सोय असते, पण बसवताना ती चालू केली जातेच असे नाही.

उपायांविषयीच्या भूमिका

पहिली भूमिका नियोजनवाद्यांची. त्यांच्या मते वर दिलेले गणित आधी केले, बँकेचे टप्पे नीट निवडले आणि धोक्याच्या हार्मोनिकपासून अंतर ठेवले की पुरते. हा मार्ग स्वस्त आहे आणि लहान ठिकाणी चालतोही. पण त्यात जाळे स्थिर आहे असे गृहीत धरावे लागते. फिडर दुसऱ्या उपकेंद्रावर वळवला, शेजारी नवे संकुल आले, रोहित्र बदलले की गणित बदलते.

दुसरी भूमिका डीट्यून्ड बँकेची. बाजारात आज तिचाच जोर आहे. प्रत्येक कॅपॅसिटरसोबत एकसर रिअॅक्टर जोडायचा आणि त्या जोडीचा रेझोनन्स मुद्दाम पाचव्या हार्मोनिकच्या खाली ठेवायचा. सात टक्क्यांच्या, म्हणजे ५० हर्ट्झला कॅपॅसिटरच्या सात टक्के अडथळा असलेल्या, रिअॅक्टरने तो १८९ हर्ट्झला येतो. त्यावरच्या सगळ्या वारंवारतांना बँक कॉइलसारखी वागते, म्हणून पाचव्या-सातव्या हार्मोनिकशी तिचा रेझोनन्स होत नाही. एकसर रेझोनन्सवरचा उतारा म्हणून दुसरा एकसर रेझोनन्सच वापरणारी ही युक्ती खरोखर सुंदर आहे. तिची किंमत म्हणजे कॅपॅसिटरवर वाढणारे व्होल्टेज. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर सात टक्के रिअॅक्टर असेल तर कॅपॅसिटरला सुमारे ४४६ व्होल्ट सोसावे लागतात, चौदा टक्के असेल तर ४८३. म्हणूनच अशा बँकांत ४८० किंवा ५२५ व्होल्टचे कॅपॅसिटर घेतात. ४४० व्होल्टच्या जुन्या कॅपॅसिटरांना नुसते रिअॅक्टर जोडून भागत नाही.

'सगळीकडे सात टक्के' हा सरधोपट नियम कितपत बरोबर, यावर मतभेद आहेत. बँक डीट्यून केल्याने रोहित्राशी होणारा समांतर रेझोनन्स संपत नाही, १८९ हर्ट्झच्या खाली सरकतो. वरच्याच ५०० केव्हीएच्या रोहित्रावर सात टक्क्यांची ४५० केव्हीएआरची बँक असेल, तर तो जवळजवळ नेमका १५० हर्ट्झला, तिसऱ्या हार्मोनिकवर येतो. तिन्ही फेजांवर सारखी असलेली तिसरी हार्मोनिक डेल्टात जोडलेल्या कॅपॅसिटरांमध्ये शिरत नाही, त्यामुळे समतोल भाराच्या कारखान्यात हे सहसा जाणवत नाही. पण बेसासारख्या वस्तीत, जिथे एका फेजवर एसी आणि दुसऱ्यावर नुसते दिवे असा असमान भार असतो, तिथे तिसऱ्या हार्मोनिकचा काही भाग आत शिरतोच. एका फेजवरच्या इलेक्ट्रॉनिक भारांचे प्रमाण जास्त असेल तिथे चौदा टक्के रिअॅक्टर, म्हणजे सुमारे १३४ हर्ट्झ, सुचवणारे अभियंते याच कारणाने तसे सुचवतात. माझा कल त्यांच्याकडे आहे, निदान निवासी आणि कार्यालयीन इमारतींपुरता.

तिसरी भूमिका अॅक्टिव्ह फिल्टरची. हे उपकरण हार्मोनिक मोजून तिच्या उलट धारा सोडते, त्यामुळे रेझोनन्सला खाद्यच मिळत नाही. किंमत जास्त, देखभाल जास्त, पण बदलत्या भाराशी ते जुळवून घेते. या भूमिकेवरचा आक्षेप असा की फिल्टर हेही वेगवान नियंत्रण असलेले इन्व्हर्टरच आहे. त्याचे नियंत्रण जाळ्यातल्या दुसऱ्या एखाद्या रेझोनन्सला, सहसा जास्त वारंवारतेच्या, डिवचू शकते. सौर इन्व्हर्टरांच्या बाबतीत ही शंका कागदावरची राहिलेली नाही. नेदरलँड्समध्ये छतावरच्या सौरसंचांनी भरलेल्या वसाहतींचा अभ्यास करून एन्स्लिन आणि हेस्केस यांनी २००४ मध्ये दाखवले की एकेकटा इन्व्हर्टर मानकात बसत असला, तरी अनेक मिळून त्यांच्या आतले कॅपॅसिटर आणि जाळ्याचे इंडक्टन्स रेझोनन्स घडवू शकतात. बेसासारख्या वस्तीसाठी या अभ्यासाचे महत्त्व उघड आहे. रेल्वेतही हे दिसले आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९९५ साली नव्या पद्धतीची इंजिने आणि विद्युतजाळे यांच्यातल्या अस्थिरतेमुळे इंजिने बंद पडली होती.

जबाबदारी कुणाची

तांत्रिक वादाइतकाच हा वाद महत्त्वाचा आहे. नियमांची चौकट आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००७ च्या ग्रिड जोडणी मानकांत जोडणीच्या ठिकाणी व्होल्टेजमधली एकूण हार्मोनिक विकृती ५ टक्क्यांच्या आत आणि एकेक हार्मोनिक ३ टक्क्यांच्या आत ठेवण्याची मर्यादा होती. धारेसाठी ती ८ टक्के होती. जगभर आधार मानले जाणारे आयईईई ५१९ हे मानक १९८१ मध्ये आले आणि १९९२, २०१४ आणि २०२२ मध्ये सुधारले गेले. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०२१ च्या पुरवठा संहिता आणि कृती मानकांच्या विनियमांत तर वीज गुणवत्ता हा शब्दप्रयोग शीर्षकातच आहे.

या मानकांची विभागणी साधी आहे. धारा शुद्ध ठेवणे ग्राहकाचे काम, व्होल्टेज शुद्ध ठेवणे वीज कंपनीचे. वीज कंपन्यांची बाजू अशी की हार्मोनिक तयार करणारी यंत्रे ग्राहकाकडे आहेत, तेव्हा उपायही त्यानेच करावा. ग्राहकांची बाजू अशी की आमच्या कॅपॅसिटरमध्ये आलेली हार्मोनिक आमची नाही, फिडरची आहे. दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर असू शकतात, आणि एकसर रेझोनन्समुळेच. मीटरवर पाचव्या हार्मोनिकची मोठी धारा दिसली तर ती ग्राहकाने बाहेर पाठवली की बाहेरून ओढली गेली, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही.

हार्मोनिक ऊर्जेची दिशा पाहून दोषी ठरवण्याची पद्धत अनेक वर्षे वापरात होती. विल्सन शू आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या पद्धतीचा पाया तपासला आणि ती भरवशाची नसल्याचे दाखवले. त्यानंतर इंपिडन्स मोजून जबाबदारी वाटण्याच्या अनेक पद्धती मांडल्या गेल्या, पण वादात दोन्ही पक्ष मान्य करतील अशी एकही सर्वत्र रूढ झालेली नाही. शू यांच्याच गटाने २००५ मध्ये रेझोनन्सच्या मोडल विश्लेषणाची रीत दिली. जाळ्यातली कोणती ठिकाणे आणि कोणती उपकरणे एखाद्या रेझोनन्सला किती हातभार लावतात, हे तिने काढता येते. मला या सगळ्या साहित्यातला हा सर्वांत उपयोगी धागा वाटतो. रेझोनन्स एखाद्या यंत्राचा नसतो, जाळ्याचा असतो, आणि ही रीत त्याला तसेच वागवते. जोडणीच्या एका बिंदूवर मर्यादा लावणारे नियम मात्र त्याला अजून एका ग्राहकाचा मानून चालतात.

लांब वाहिन्यांचा रेझोनन्स

वरच्या पातळीवर एकसर रेझोनन्स वेगळ्या वेशात येतो. विदर्भात कोराडी, खापरखेडा, मौदा, चंद्रपूर, तिरोडा इथे वीज तयार होते आणि तिचा मोठा भाग शेकडो किलोमीटर पश्चिमेला जातो. लांब वाहिनीचे इंडक्टन्स कमी करायला तिच्यात एकसर कॅपॅसिटर घालण्याची पद्धत अमेरिकेत १९२८ पासून आहे. त्यामुळे वाहिनी खरेखुरे एकसर सर्किट बनते. ५० हर्ट्झच्या वाहिनीचे चाळीस टक्के इंडक्टन्स असे भरून काढले, तर फक्त वाहिनी धरून रेझोनन्स ३१.६ हर्ट्झला येतो. त्याचा ५० पासूनचा फरक, १८.४ हर्ट्झ, टर्बाइनच्या दांड्याच्या पिळण्याच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळला तर दांडा निकामी होऊ शकतो. अमेरिकेत नेवाडातल्या मोहावी केंद्रात डिसेंबर १९७० आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये नेमके हेच घडले, आणि तेव्हापासून हा अभ्यास गांभीर्याने सुरू झाला.

आपल्याकडे रायपूर-राउरकेला ४०० किलोव्होल्ट वाहिनीवर पॉवरग्रिडने चाळीस टक्के स्थिर कॅपॅसिटरांसोबत थायरिस्टरने नियंत्रित होणारा भाग बसवला. वाहिनीची क्षमता वाढवताना वीजप्रवाहातले हेलकावे आवरण्याची सोय त्यात आहे. चंद्रपूर-पडघे मार्गासाठी वेगळा पर्याय निवडला गेला. १९९९ पासून तिथे ±५०० किलोव्होल्टची, १,५०० मेगावॅटची, ७५२ किलोमीटरची एकदिश विद्युतधारेची वाहिनी आहे आणि तिच्यात एकसर कॅपॅसिटरांचा प्रश्न उद्भवत नाही. एकदिश वाहिनीचे नियंत्रणही टर्बाइनच्या दांड्याशी झगडू शकते, हे अमेरिकेत १९७७ च्या सुमारास दिसून आले, तेव्हा तोही निर्धोक मार्ग नव्हे. २००९ मध्ये टेक्सासात आणि २०१२ नंतर चीनच्या हेबेई प्रांतात पवनचक्क्यांचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आणि एकसर कॅपॅसिटर असलेल्या वाहिन्या यांच्यात मोहावीसारखेच हेलकावे उठले. इथे दांड्याची जागा सॉफ्टवेअरने घेतली आहे.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न वारंवारतेच्या कक्षेचा. आयईईई ५१९ पन्नासाव्या हार्मोनिकपर्यंत, म्हणजे २,५०० हर्ट्झपर्यंत पाहते. सौर इन्व्हर्टर, गाड्यांचे चार्जर आणि एलईडी यांचे स्विच त्याहून कितीतरी वर, हजारो हर्ट्झला चालतात. २ ते १५० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात मर्यादा तुटक आहेत आणि मोजण्याच्या पद्धतींवर अजून काम चालू आहे. घराघरांतल्या उपकरणांचे छोटे कॅपॅसिटर आणि डीपीपासूनच्या तारा यांचे एकसर रेझोनन्स नेमके याच पट्ट्यात पडतात.

दुसरा प्रश्न डॅम्पिंगचा. जुन्या जाळ्यात बल्ब, गिझर, इस्त्र्या असा रोधात्मक भार भरपूर होता. त्याने रेझोनन्सचे टोक आपोआप बोथट होई. इलेक्ट्रॉनिक भार नियंत्रणामुळे ठरावीक वॅट ओढतो, रोधासारखा वागत नाही, काही वारंवारतांना तो उलट रोधासारखाही वागतो. इन्व्हर्टर आणि ग्रिड यांचे इंपिडन्स एकत्र पाहून स्थैर्य तपासण्याची रीत जियान सुन यांनी २०११ मध्ये मांडली आणि संशोधनात ती सर्वमान्य झाली. पण त्यासाठी उत्पादकाने आपल्या इन्व्हर्टरचा इंपिडन्स सांगावा लागतो. छतावर बसणाऱ्या छोट्या इन्व्हर्टरच्या कागदपत्रांत ही माहिती सहसा नसते.

तिसरा प्रश्न मोजमापाचा आणि मला तोच सर्वांत निकडीचा वाटतो. फिडरच्या सुरुवातीला हार्मोनिक मोजणे शक्य आहे आणि मोठ्या ग्राहकांकडे आता तशी मीटरे येऊ लागली आहेत. पण हार्मोनिकचा आकडा सांगतो आज काय झाले ते. एखाद्या डीपीच्या खाली रेझोनन्स कुठे बसला आहे आणि पुढची बँक किंवा पुढचा सौरसंच जोडल्यावर तो कुठे सरकेल, हे कळायला जाळ्याचा वारंवारतेनुसार इंपिडन्स माहीत हवा. सौरसंचाला परवानगी देताना रोहित्राची क्षमता पाहिली जाते. त्याच तपासणीत त्या रोहित्राखाली किती केव्हीएआरचे कॅपॅसिटर आहेत आणि ते डीट्यून्ड आहेत की साधे, ही नोंद धरली तरी अर्धे गणित हातात येईल. त्याला नवे यंत्र लागत नाही, फक्त एक रकाना वाढवावा लागतो.

तोवर ज्या संकुलांत किंवा संस्थांत कॅपॅसिटर पॅनेल आहे आणि सोलर बसवायचा विचार चालू आहे, त्यांनी कंत्राटदाराकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात: बँक चालू आणि बंद असतानाची पाचव्या व सातव्या हार्मोनिकची मोजणी, रिअॅक्टरची टक्केवारी आणि कॅपॅसिटरवर छापलेले व्होल्टेज. पॉवर फॅक्टर घसरला तर नवे कॅपॅसिटर घेण्याआधी सौर इन्व्हर्टरमधली रिअॅक्टिव्ह पॉवरची सोय चालू करून पाहावी.